ओवाळणीतलं नाई

तुरीच्या शेंगा भरायला लागल्या की आमच्या रस्त्यावर गाड्या वाढतात. अमरावतीकडून येतात, काळ्या काचांच्या, पुढे झेंडी लावलेल्या. तळेगावावरून नागपूरकडे अशा सुसाट जातात की बैलबंडीतला कापूस उडून बाभळीला चिकटतो. परक्याला वाटावं कोणाच्या लग्नाचं वऱ्हाड आहे. आम्हाला माहीत असतं, अधिवेशन भरलं. बाकी मुलखाला ऋतू तीन. आम्हाला हिवाळ्याच्या पोटात आणखी एक बारका ऋतू आहे. त्यात पोलिसांच्या शिट्ट्या असतात, मोर्चाला निघालेल्या माणसांचे ट्रक असतात, आणि त्यांच्या मागं अडकलेल्या संत्र्यांच्या गाड्यांचा आंबटगोड वास असतो.

गिरजा ओट्यावर उभी राहून हे सगळं पाहायची. हातात कापसाचं बोंड, सरकी काढता काढता म्हणायची, "चालले बाप्पा, होय म्हणासाठी."

यंदाही गाड्या चालल्या आहेत. हे वाक्य बोलणारं कोणी नाही. गिरजा माझी बायको. पोळ्याच्या आधी गेली.

लोक म्हणतात बुढ्याने आता देवाचं नाव घ्यावं. मी घेत नाही. माझ्या डोक्यात हा अधिवेशनाचा ऋतूच फिरतो. तोही असा नुसता नाही, एका सालचा. त्या सालची थंडी मला अजून बोटांत लागते.

आमचे आमदार आमच्याच गावचे. नाव लिहीत नाही, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. ते आमदार नव्हते, सायकलला झेंडा बांधून गावोगाव फिरायचे, तेव्हापासून आमच्या घरी जेवायचे. त्यांना बहीण नव्हती. गिरजाला भाऊ नव्हता. एका भाऊबीजेला डोक्यावर रुमाल टाकून ते स्वतःच पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, ओवाळ." तेव्हापासून दरसाल. सरपंच झाले, जिल्हा परिषदेत गेले, मुंबईला गेले. गाडी मोठी होत गेली, पाट तोच राहिला. ओवाळणीत साडी यायची. गिरजा ती घडी न मोडता पेटीत ठेवायची आणि शेजारणींना दाखवायला मात्र विसरायची नाही.

गिरजा गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. वर्ग दोनच, पोरं थोडी, मास्तर एक. सकाळी अकराच्या सुमारास तुरीच्या डाळीला हळद पडली की तो वास शाळेच्या पत्र्यावरून आमच्या घरापर्यंत यायचा. मी वावरातून येताना वासावरूनच ओळखायचो, आज मीठ घातलं की अजून घालायचं आहे. आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं आम्ही कधी रडगाणं केलं नाही. पण एखादं पोरगं ताट घेऊन "आजी, अजून दे ना" म्हणालं की ती त्याला आधी शिवी द्यायची आणि मग वाढायची. एवढी शिवी कोणी परक्याला देत नाही.

मग मास्तरांनी सांगितलं की कायदा येतो आहे. कमी पोरांच्या शाळा मोठ्या गावच्या शाळेत मिळवायच्या. आमची पोरं हायवेच्या पलीकडे जाणार. मोठ्या शाळेत नळ आहे, कॉम्प्युटर आहे, हे खरं. पण मध्ये हायवे आहे, हेही खरंच. गावात भांडणं झाली. काही जण म्हणाले बरंच झालं, पोरं इंग्रजी शिकतील. काही म्हणाले पोरींना कोण पाठवणार एवढ्या लांब. आम्ही ग्रामसभेत शाळा इथंच राहावी म्हणून हात वर केले. ग्रामसभेचं बरं असतं. हात वर झाला की तो कोणाचा ते दिसतं. कोणी कोणाच्या विरोधात हात उचलला हे पुढे पोरांच्या लग्नापर्यंत लोक लक्षात ठेवतात. भांडण होतं, पण गोंधळ होत नाही.

त्या भाऊबीजेला भाऊ आले. मागं चारपाच माणसं, एक जण मोबाईलवर फोटो काढत होता. गिरजाने टिळा लावला, ओवाळलं. भाऊंनी साडीची पिशवी ताटाजवळ ठेवली. तिने ती परत त्यांच्याकडे सरकवली.

"हे राहू दे. पेटीत लय हायेत."

"मंग काय पायजे, ताई? माग."

"तो शाळेचा कायदा येऊन राह्यला म्हणते नागपूरले. तठी तुले इचारतीन. तू नाई म्हणजो. तेच माही ओवाळणी."

भाऊ हसले. त्यांची माणसंही हसली. "ताई, ते एवढं सोपं नसते. पक्षाचा हुकूम असते. मोडला तं आमदारकी जाते."

"एक शब्द तं हाय रे बाबू. साडीपेक्षा सस्ता."

मी म्हणालो, "काऊन त्याले अडचणीत टाकतं वो? साडी घे न चूप बस."

"तुमाले काय. तुमी शाळेत चवथीपर्यंत तरी गेलते. म्या तं दुसरीतच बकऱ्या चाराले घेतल्या," ती म्हणाली, आणि ताट तसंच धरून उभी राहिली. निरांजनाचं तूप ओघळून तिच्या अंगठ्यावर आलं. तिने हात हलवला नाही.

भाऊंनी ताटातल्या सुपारीला हात लावला. "बरं. म्हणतो."

"मले पास दे. मी ऐकाले येईन."

आता मागे वळून पाहिलं तर कळतं की भाऊ तेव्हा काय हिशेब करत असतील. सभागृहात हात वर करायचा नसतो. सगळे मिळून ओरडतात. एवढ्या आवाजांत आपला एक नाई कोणाला ऐकू येणार? पक्षालाही कळणार नाही आणि बहिणीचा शब्दही राहील. माणूस वाईट नव्हता. दोन्हीकडे चांगलं राहण्याची त्याला सवय लागली होती.

आम्ही एसटीने गेलो. गिरजा त्यांनीच दिलेली साडी नेसली होती, अबोली रंगाची. पेटीत राहून तिला डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता. सभागृहाच्या दारावर आमची झडती झाली. पोलीस बाईने गिरजाची तंबाखूची डबी काढून घेतली. गिरजा म्हणाली, "जाताना आठवणीनं देजो माय, तूबी खासीन तं चुना कमी हाय." ती पोलीस बाई तोंड वळवून हसली. वर गॅलरीत बसल्यावर एका शिपायाने मला सांगितलं, बाबा, पायावर पाय टाकून बसू नका, इथं चालत नाही. मी पाय खाली घेतले. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता. खाली मला नुसती पांढरी धांदल दिसत होती, जशी वेचणीच्या वेळी कपाशीच्या वावराची दिसते.

गिरजाने मात्र भाऊंना लगेच ओळखलं. "तो पाय, मांगच्या रांगेत. खोकून राह्यला. सोसत नाई तरी सिताफळ खाल्लं असन."

बराच वेळ कोणी ना कोणी उभं राहून बोलत होतं. अर्ध्या खुर्च्या मोकळ्या होत्या. गिरजा म्हणाली, "ग्रामसभेत यापेक्षा लय मानसं येते." शिपायाने बोट ओठावर ठेवलं. मग घंटा वाजली, बाहेरून माणसं भराभर आत आली. विरोधी बाजूचे लोक ओरडायला लागले, कागद फाडले, आणि घोषणा देत सगळेच्या सगळे बाहेर निघून गेले. गिरजाला ते पटलं नाही. "आता इचाराच्या वक्ताले काऊन चालले हे?"

खुर्चीवरच्या साहेबांनी विचारलं, विधेयकाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणावं. केवढा मोठा होय झाला. छताखाली घुमला. मग साहेबांनी विचारलं, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावं.

कोणी बोललं नाही. बोलणारे बाहेर गेले होते. आत जे उरले होते त्यांच्यात जो कोणी नाही म्हणेल तो एकटा ऐकू येणार होता. लपायला आवाजच नव्हता. मी कान लावून बसलो होतो. माझे डोळे गेले होते, कान शाबूत होते. खाली कोणाचं तरी पेन टेबलावरून घरंगळलं, ते मला ऐकू आलं.

आणि माझ्या शेजारून गिरजा म्हणाली, "नाई."

ओरडली नाही. शाळेतल्या पोराला सांगावं तशी, स्पष्ट.

सगळ्या माना वर झाल्या, हे तिनेच मला नंतर सांगितलं. मघाची ती पोलीस बाई धावत आली. "आजी, चला. उठा. इथं बोलता येत नाही."

"काऊन? त्यायनं इचारलं ना."

"तुम्हाला नाही विचारलं, आजी."

"मंग ज्याले इचारलं तो काऊन नाई बोलून राह्यला?"

आम्हाला बाहेर काढलं. नीट काढलं, धक्का वगैरे दिला नाही. डबीही परत दिली. आतून माईकवर ऐकू आलं, होयचं बहुमत, विधेयक संमत. बाहेर ऊन पडलं होतं पण त्याला ऊब नव्हती. एका हातगाडीवर संत्री होती, आपल्याकडचीच, दुप्पट भावाने. गिरजा फुटपाथवर बसली. डबी उघडून तंबाखू मळली. मग म्हणाली, "त्यानं तोंड उघडलं होतं काय हो?"

"मले कुठं दिसते? तूच तं पायत होती."

"म्या बोलल्यावर त्यानं वर पायलं, ते दिसलं. त्याच्या आधीचं नाई दिसलं. माही नजर त्या खुर्चीवाल्याकडं गेलती. तो इचारून राह्यला ना, तं म्या त्याच्याकडं पायलं."

एवढंच. जे पाहायला ती गेली होती तेवढंच तिचं पाहायचं राहिलं.

त्यानंतर गिरजा असेपर्यंत भाऊ एकदाच घरी आले. दारातच उभे राहिले. पास त्यांच्या सहीचा होता. त्यांना वर बोलावून विचारणा झाली होती. "ताई, माह्या पासावर येऊन तुमी माही इज्जत घेतली. पेपरात आलं." गिरजाने पाण्याचा गडवा पुढे केला. "ते राहू दे. तू म्हणणार होता काय, तेवढं सांग." भाऊंनी गडवा घेतला नाही. गेले.

मी मास्तरांना जाऊन विचारलं होतं, कोण काय बोललं ते कुठं लिहिलेलं असेल ना? एवढं मोठं सभागृह आहे, एवढे लिहिणारे बसलेले असतात. मास्तर म्हणाले, "बाबा, डोकी मोजली तर नावं लिहिली जातात. आवाजी मतदानात नावं नसतात." मग मी एकेक आठवत बसलो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिच्यावरून गदारोळ झाला, तेव्हा भाऊ काय म्हणाले? वेगळ्या विदर्भाचं भाऊ गावात मांडी ठोकून बोलतात, तिकडे काय बोलले? रानडुकरं मारायची परवानगी, दिवसा वीज, इतक्या वर्षांत इतकं काही झालं. प्रत्येक वेळी आवाज झाला आणि आवाजाला नाव नव्हतं. मी पाच वेळा त्यांच्या चिन्हावर बोट दाबलं. माझ्या बोटाला शाई लागली, ती दिसायची तरी.

पुढच्या निवडणुकीला त्यांच्या कामांचं पुस्तक घरोघर वाटलं गेलं, चकचकीत कागदाचं. शेजारच्या पोराने आम्हाला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, ग्रामीण शाळांसाठी सभागृहात आवाज उठवला. गिरजा पोट धरून हसली. "आवाज तं म्या उठवला. फोटो त्याचा काऊन?" तिला एवढं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

कारण शाळा बंद झाली. पोरं सकाळी ऑटोत कोंबून पलीकडे जायला लागली. काही पोरी गेल्याच नाहीत. मोठ्या शाळेत स्वयंपाकाला त्यांची बाई होती. गिरजा घरी बसली. घरी बसली म्हणजे बसली नाही, अकरा वाजले की चूल पेटवायची. आम्हा दोघांना एवढी डाळ कशाला? मी बोललो की म्हणायची, "हात मानत नाई." शाळेच्या व्हरांड्यात कोणीतरी कापूस भरून ठेवला. खिडकीच्या गजातून तो बाहेर यायचा. तिने त्या रस्त्याने जाणंच सोडून दिलं. पाण्याला लांबून जायची.

आणि दिवाळी आली की ताट घासायची. पहिल्या भाऊबीजेला तर तिने अनारसेही केले. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला की पदर सारखा करायची. मी म्हणालो, "येत नाई तो. कायले वाट पायतं?" तर म्हणाली, "येत नाई तं नको येऊ दे. पाट मांडाले काय लागते?" दुसऱ्या वर्षी अनारसे केले नाहीत. पाट मांडला. कणकेचा दिवा केला, लावला, आणि तो विझेपर्यंत तिथेच भिंतीला टेकून बसली. मला त्या दिव्याचा करपलेला वास आठवतो. दुःखाला वास असतो, हे मला तेव्हा कळलं. जाळलेल्या कणकेचा असतो.

मग तिचं मनच फिरलं. मला वाटलं होतं ती भाऊंवर रागावेल. ती स्वतःवर रागावली. भांडी घासता घासता मधेच थांबायची आणि म्हणायची, "तो म्हणणारच होता. म्या घाई केली." मी किती सांगितलं, अगं, तू नसती बोलली तर तिथं कोणीच बोललं नसतं. ऐकायची नाही. "त्याचा एक शब्द होता, तो म्याच खाल्ला. भाऊबी गेला न शाळाबी गेली." आजारी पडली, खाटेवरून उठेना, तेव्हाही हेच. दवाखान्यातल्या नर्सला वाटायचं म्हातारी बरळते. नर्स विचारायची, कोणता शब्द हो बाबा? मी काय सांगणार. एवढी साधी बाई, जिच्या हातून उभ्या जन्मात कोणाचं ताट रिकामं गेलं नाही, ती आपल्या एका खऱ्या बोलण्याचा पश्चात्ताप करत गेली. याचं मला जेवढं दुखतं तेवढं ती गेल्याचंही दुखत नाही. जायचं तर सगळ्यांनाच आहे.

भाऊ तेव्हा मुंबईला होते. फुलांचं चक्र आलं, त्यावर त्यांच्या नावाची पट्टी होती.

परवा आले. नागपूरला जाता जाता गाडी हायवेवरून खाली उतरवली. आता केस पांढरे झाले आहेत, गुडघा दुखतो, ओट्याची पायरी चढताना भिंतीला हात लावला. सोबतची माणसं अंगणात उभी राहिली. भाऊ आत आले, खाली बसले, आणि रडले. खोटं रडले असं मी म्हणणार नाही. मला आता नीट दिसतं, डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. खरं पाणी होतं.

म्हणाले, "भाऊजी, शाळेच्या खोल्या मोकळ्या करतो. वाचनालय करू. ताईचं नाव देऊ."

अंगणातला एक जण लगेच म्हणाला, "लय चांगलं होईन." दुसरा म्हणाला, "हो, हो."

मी म्हणालो, "तिले नाव नव्हतं पायजे. पोट्टे पायजे होते."

भाऊंनी रुमालाने तोंड पुसलं. मग हळू आवाजात, बाहेर जाऊ नये असं, म्हणाले, "तुमाले एक सांगाचं होतं. म्या म्हणणारच होतो, भाऊजी. तोंड उघडलं होतं म्या. तेवढ्यात वरून ताईचा आवाज आला. ताईनं घाई केली."

तेच शब्द. जसेच्या तसे. ती इतके दिवस जे म्हणून स्वतःला जाळत होती, ते हा माणूस माझ्या घरात बसून मला सांगत होता.

मी म्हणालो, "तिनं घाई नाई केली, भाऊ. तू उशीर केला. तिचा आवाज आला तं तुले जोर याले पायजे होता. एकापेक्षा दोन झाले असते."

भाऊंनी मान खाली घातली. मग घड्याळ पाहिलं. अधिवेशनाचा पहिला दिवस होता, उशीर होत होता. जाताना माझ्या पायाला हात लावला. गाडी वळली, धूळ तुरीवर बसली.

खरं बोलला की खोटं, मला सांगता येत नाही. मी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतो. एवढे डोळे नीट करून घेतले, तरी मला काही वाचता आलं नाही. गिरजाला आलं असतं. तो सायकलवर यायचा तेव्हापासून, उपाशी आहे की खाऊन आला आहे, हे ती त्याच्या तोंडावरून सांगायची. तिने एकदा पाहिलं असतं आणि म्हणाली असती, खरं हाय, किंवा म्हणाली असती, जाऊ द्या. त्या दोन्हींतलं काहीही चाललं असतं मला.

आता घरात मी एकटा आहे. आमच्या संसारात माझं कोणतंच म्हणणं सरळ मंजूर झालं नाही. बैल विकतो म्हटलं, नाई. छपरी पाडतो म्हटलं, नाई. कानटोपी न घालता बाहेर निघालो, नाई. इतक्या वर्षांत मी चिडलो, ओरडलो, एकदा तर जेवायचं सोडून उठलो. ती हलायची नाही. आता मी जे म्हणेन ते बिनविरोध होतं. काल संध्याकाळी थंडी फार होती, खोकला येत होता. असल्या खोकल्यात तिने मला भात खाऊ दिला नसता. मी भाताचा गंज चुलीवर ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "भात लावून राह्यलो वो."

थोडा वेळ थांबलो. मग तांदूळ धुवायला घेतले.